आळसाचा आरोप आणि आत्मसाक्ष : महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील एक प्रश्न

१

एखादा समाज स्वतःस आळशी समजतो काय, हा प्रश्न वरवर पाहता मानसशास्त्राचा वाटतो. परंतु त्यास इतिहासाचीही एक बाजू आहे, आणि ती अद्याप पुरेशी विचारात घेतली गेलेली नाही. 'आम्ही आळशी आहोत' हे वाक्य उच्चारणारा कोण, 'आम्ही' या सर्वनामात तो कोणाचा समावेश करतो आणि आळस म्हणजे नेमके कोणते काम न करणे, ही तीन अंगे निश्चित केल्यावाचून या वाक्यास काही अर्थ प्राप्त होत नाही. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील महाराष्ट्रात आळसाविषयी विपुल लेखन झाले. त्यातील बराचसा भाग परक्याने किंवा वरिष्ठाने केलेल्या आरोपाच्या स्वरूपाचा आहे, काही भाग सुशिक्षितांच्या आत्मनिंदेच्या स्वरूपाचा आहे, आणि प्रत्यक्ष राबणाऱ्यांची साक्ष त्या मानाने फारच थोडी आहे. या तिन्ही प्रकारच्या साक्षी एकाच मापाने मोजल्यामुळे 'आपला समाज मुळातच आळशी' असा एक समज रूढ झाला. तो कसा घडला आणि कितपत ग्राह्य आहे, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

आळसाची निंदा महाराष्ट्राला इंग्रजांनी शिकविली असे म्हणता येत नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात करंट्याची आणि सदेवाची लक्षणे समोरासमोर मांडली असून, त्यांत आळस हे करंटेपणाचे मुख्य अंग मानले आहे. यत्न आणि साक्षेप यांवर त्यांनी दिलेला भर सर्वश्रुत आहे. तथापि या उपदेशातील आळस हा व्यक्तीचा दोष आहे. तो ज्याच्या अंगी आहे त्याने तो टाकावा व सदेव व्हावे, असा तेथे आग्रह आहे. अमुक जात, अमुक देश किंवा अमुक हवामान यांना आळस जन्मतःच चिकटलेला आहे, ही कल्पना तेथे नाही. दोष टाकता येतो हे गृहीत असल्याशिवाय उपदेशाला प्रयोजनच उरत नाही.

मराठी भाषेतील शब्दसंग्रहही या दृष्टीने बोलका आहे. 'आळशी' या सामान्य शब्दाखेरीज ऐतखाऊ, आयतोबा, रिकामटेकडा, कामचुकार, अंगचोर असे अनेक शब्द प्रचारात आहेत, आणि त्यांतील प्रत्येकाचा रोख वेगळा आहे. ऐतखाऊ हा दुसऱ्याच्या श्रमावर जगतो. रिकामटेकड्याला काम नसते. कामचुकार हा दुसऱ्याने नेमलेले काम टाळतो. पहिल्या शब्दात श्रम करणाऱ्याची तक्रार ऐकू येते, तर शेवटच्यात काम करवून घेणाऱ्याची. 'वेठ वारणे' म्हणजे एखादे काम कसेतरी उरकणे. वेठ म्हणजे सक्तीचे, बिनमोबदल्याचे काम. जे काम आपले नाही, ज्याचा दाम नाही, ते मन लावून कोणी करीत नाही, हा अनुभव भाषेने एका वाक्प्रचारात साठवून ठेवला आहे. 'पाट्या टाकणे' हा वाक्प्रचारही मातीकामाच्या रोजंदारीचे चित्र डोळ्यांपुढे उभे करतो. या दोन्ही प्रयोगांत चालढकल हा स्वभाव म्हणून सांगितलेला नसून, ती कामाच्या प्रकारातून उद्भवलेली असल्याचे सूचित होते.

३

व्यक्तीचा दोष समूहाचा स्वभाव कसा बनला, हे समजण्यासाठी युरोपीय विचाराकडे वळावे लागते. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्य याने १७४८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात उष्ण हवामान शरीर व मन शिथिल करते असा सिद्धान्त मांडला आणि हिंदुस्थान हे त्याचे एक ठळक उदाहरण म्हणून दिले. १८१७ साली जेम्स मिल याने हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला. मिलने हिंदुस्थानात कधीही पाऊल ठेवलेले नव्हते. तरीही हिंदूंच्या सुस्तपणाविषयीचे त्याचे मत कंपनीच्या भावी अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचा भाग बनले.

या ग्रंथनिष्ठ मताच्या अगदी उलट मत प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्या एका अधिकाऱ्याने नोंदविलेले आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली जो अहवाल सादर केला, त्यात त्याने मराठी शेतकऱ्यांचे वर्णन संयमी, काटकसरी, उद्योगी आणि निरुपद्रवी असे केले आहे. एकाच दशकात, एकाच राजसत्तेच्या सेवकांनी, एकाच देशातील लोकांविषयी परस्परविरुद्ध मते द्यावीत, यावरून आळसाचे वर्णन हे वर्णिलेल्या समाजापेक्षा वर्णन करणाऱ्याच्या स्थानाविषयी अधिक सांगते, असे अनुमान काढणे भाग पडते.

४

समाजाने स्वतःस आळशी म्हणण्याचे अर्वाचीन महाराष्ट्रातील पहिले ठळक उदाहरण म्हणजे लोकहितवादींची शतपत्रे. गोपाळ हरि देशमुख यांनी १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात ही पत्रे लिहिली. त्यांत आळस, अज्ञान, भिक्षुकी, अर्थ न कळता केलेले पाठांतर आणि उद्योगाविषयीची अनास्था यांवर कठोर टीका आहे. ही पत्रे म्हणजे समग्र मराठी समाजाने दिलेला कबुलीजबाब होय, असे समजण्याचा प्रघात आहे. परंतु पत्रांतील रोख पाहिला असता टीकेचा मुख्य विषय ब्राह्मण वर्ग, त्यातही पुण्याचा भट-भिक्षुक व आश्रित वर्ग होता, हे स्पष्ट होते. नांगर धरणारा कुणबी किंवा हातोडा उचलणारा लोहार आळशी आहे, असा त्या टीकेचा गाभा नाही.

या टीकेची पार्श्वभूमीही ध्यानात घ्यावयास हवी. पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्यास ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा होती व तीवर लाखो रुपये खर्च होत. १८१८ साली राज्य गेले. त्याबरोबर फौजा मोडल्या, दरबार बंद झाले, फडावरील कारकून व शिलेदार यांची उपजीविका तुटली. लोकहितवादींचे स्वतःचे घराणेही बापू गोखल्यांच्या फडणिशीशी संबंधित होते. जो वर्ग राज्यकारभारावर पोसला जात होता, तो राज्य जाताच रिकामा झाला. त्याचे रिकामपण हे अंशतः खरोखरच श्रमाच्या तिटकाऱ्यातून आले असेल. परंतु ते अंशतः बेकारीही होती. आज ज्याला बेरोजगारी म्हणतात, त्यास त्या काळी स्वतंत्र नाव नव्हते, आणि नाव नसल्यामुळे ती आळसाच्या खाती जमा झाली. दक्षिणेचा पैसा केवळ वेदपठणास न देता मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस द्यावा, अशी मागणी सुधारकांनी केली व तिची परिणती दक्षिणा प्राइज कमिटीत झाली. आत्मनिंदेतून एक व्यवहार्य सुधारणा निष्पन्न झाली, हे लोकहितवादींच्या लेखनाचे श्रेय नाकारता येत नाही.

परंतु आत्मनिंदेचे दुसरेही एक फळ असते. १८७४ साली निबंधमाला सुरू करणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी लोकहितवादींवर जी टीका केली, तिच्यात व्यक्तिगत कटुता पुष्कळ आहे. तथापि तिच्या मुळाशी एक विचारार्ह मुद्दा होता. आपले दोष सांगताना राज्यकर्त्याची मोजपट्टी जशीच्या तशी उचलली, तर दोष सुधारण्यापेक्षा आत्मविश्वास खचण्याचा संभव अधिक, हा तो मुद्दा होय. लोकहितवादी आणि चिपळूणकर यांचा हा वाद महत्त्वाचा आहे. परंतु दोघांचाही 'आम्ही' जवळजवळ एकाच वर्गापुरता मर्यादित होता, ही गोष्ट या वादात दोन्ही बाजूंच्या नजरेतून सुटली.

५

ती महात्मा जोतीराव फुले यांच्या नजरेतून सुटली नाही. १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी आळसाच्या आरोपाची दिशाच बदलली. शेतकरी दिवसरात्र राबूनही कर्जबाजारी का, असा प्रश्न त्यांनी विचारला आणि त्याचे उत्तर शेतकऱ्याच्या स्वभावात न शोधता सारा, स्थानिक कर, जंगलखात्याने हिरावलेली चराई, परदेशी मालामुळे बुडालेले कारागीर शेतीवर येऊन पडणे, जन्मापासून मरणापर्यंतचे धार्मिक विधी आणि कचेरीतील कारकुनांची मनमानी यांत शोधले. उलटपक्षी, गोरे अधिकारी ऐषआरामात गुंग असल्यामुळे त्यांचे काम हाताखालच्या ब्राह्मण कामगारांच्या हाती जाते, असे त्यांनी स्पष्टपणे म्हटले. म्हणजे उद्योगाचा धडा देणारा राज्यकर्ताच येथे सुस्त ठरला. फुल्यांच्या या ग्रंथाचे आरंभीचे भाग 'दीनबंधु' पत्रात छापले गेले. पुढील भाग मात्र त्या पत्राने छापले नाहीत. सत्यशोधकांच्या पत्रासही ही मांडणी झेपली नाही, यावरून तिची तीव्रता लक्षात येते.

फुल्यांच्या म्हणण्यास सरकारी कागदपत्रांतूनही अंशतः आधार मिळतो. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दप्तरांवर हल्ला केला आणि दंग्याचे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. शेतकरी उधळ्या आहे, लग्नकार्यांत पैसा उडवितो व म्हणून बुडतो, हा समज त्या वेळी सर्वत्र होता. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने मात्र या कारणास अवास्तव महत्त्व दिले गेले असल्याचे नमूद केले. असे प्रसंग क्वचितच येतात व अनेक वर्षांच्या हिशेबात तो खर्च शेतकऱ्याच्या स्थितीस न शोभणारा ठरत नाही, असे आयोगाचे मत पडले. १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला, तो स्वभावदोषाचे निदान अपुरे ठरल्यामुळेच.

असे असूनही संशय गेला नाही. १८७६-७८ च्या दुष्काळात मदतीच्या कामांवर जी व्यवस्था ठेवली गेली, तिच्या मुळाशी आळसाचाच संशय होता. जो कठीण काम करील त्यासच मदत द्यावी, म्हणजे केवळ बसून खाणारे आपोआप गळतील, असे तत्त्व होते. सर रिचर्ड टेंपल याने मजुरी कमी करून ती सुमारे एक पौंड धान्याची किंमत अधिक एक आणा या पातळीवर आणली. १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यातील हजारो मजूर ही कामे सोडून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. उपाशी माणसाने अपुऱ्या अन्नावर खडी फोडण्याचे नाकारणे यास आळस म्हणावयाचे की विवेक, हा प्रश्न त्या घटनेने कायमचा नोंदवून ठेवला आहे.

६

गिरण्यांच्या इतिहासात हाच वाद अधिक काटेकोर स्वरूपात आढळतो, कारण तेथे काम घड्याळाने मोजले जात होते. मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली व १८५६ साली ती गिरणी चालू झाली. आरंभी कामाचे तास म्हणजे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा संपूर्ण दिवस. पुढे विजेचे दिवे आले आणि १९०५ च्या सुमारास काही गिरण्यांतून दिवस पंधरा तासांपर्यंत लांबला.

गिरणीमालकांची नेहमीची तक्रार अशी की, कामगार यंत्रावर टिकत नाही. विडी ओढण्यास, पाणी पिण्यास, अंघोळीस व जेवण्यास तो वारंवार बाहेर जातो. त्याच्या जागी जादा माणसे ठेवावी लागतात. १९०८ च्या कारखाना मजूर आयोगापुढे या रेंगाळण्याची बरीच चर्चा झाली. त्यातून एक चमत्कारिक युक्तिवाद निर्माण झाला : कामगार आळशी असल्याने तो पूर्ण वेळ कामच करीत नाही, सबब तास कमी करण्याची गरज नाही. या युक्तिवादाचा क्रम उलटा केला की दुसरेच चित्र दिसते : तास अमानुष असल्याने माणूस मध्येच थांबतो, कारण थांबल्यावाचून तो जगणेच अशक्य आहे. आयोगाचे एक सभासद डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्नमतपत्रिका जोडून प्रौढ पुरुषांच्या तासांवर कायद्याने थेट मर्यादा घालण्याचा आग्रह धरला. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत बारा तासांची मर्यादा आली, १९२२ साली ती आठवड्यास साठ तासांवर, १९३४ साली चौपन्नवर आणि १९४६ साली अठ्ठेचाळीसवर आली.

कामगारांची स्वतःची साक्ष येथे सुदैवाने उपलब्ध आहे. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने परळ येथे कामगारांच्या सभा झाल्या व सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. दर रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत, आणि अपघात झाल्यास भरपाई, अशा त्यातील मागण्या होत्या. या अर्जाचा सूर विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. त्यात आळसाची कबुली नाही व आळसाचा इन्कारही नाही; विश्रांती ही श्रमाची रीतसर बाकी म्हणून मागितलेली आहे. रविवार हा खंडोबाचा वार असल्याने ही मागणी कामगारांच्या भावजीवनाशीही जुळणारी होती. १८९० साली महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, आणि त्याच वर्षी मालकसंघाने रविवारची सुटी मान्य केली.

गैरहजेरीविषयीचा आरोपही असाच तपासून पाहावा लागतो. रत्नागिरी, सातारा व घाटावरील इतर भागांतून आलेला कामगार पेरणीस, शिमग्यास, गणपतीस गावी जाई. मालकाच्या हजेरीपटावर तो गैरहजर. परंतु त्याच दिवसांत तो गावी गुडघाभर चिखलात भात लावीत असे. १९३१ साली अहवाल देणाऱ्या मजूरविषयक शाही आयोगाने, हिंदी कामगार शहराच्या ओढीने येत नसून गावातील हलाखी त्याला शहराकडे ढकलते, असा निष्कर्ष काढला. गावी अन्नवस्त्र पुरले असते तर फारच थोडे कामगार गिरणीत टिकले असते. अकार्यक्षमतेच्या आरोपाबाबतही तेच. मुंबईचा विणकर दोनच माग सांभाळतो, लँकेशायरचा अधिक सांभाळतो, ही तुलना वारंवार केली जाई. परंतु निकृष्ट कापूस मिसळला की सूत वारंवार तुटते आणि तुटलेला प्रत्येक धागा विणकरालाच जोडावा लागतो, ही बाब त्या तुलनेत येत नसे. १९२८ च्या प्रदीर्घ संपात जादा माग सांभाळण्याच्या योजनेस कामगारांनी विरोध केला, त्यामागे हा रोजचा अनुभव होता.

७

आळसाची सामाजिक मीमांसा सर्वांत नेमकेपणाने केली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. महार वतनाच्या पद्धतीत वतनदारास कामाची निश्चित यादी नव्हती, तास ठरलेले नव्हते; तो हजर नसल्यास घरातील दुसऱ्या माणसास कामास लावले जाई; मोबदला म्हणजे थोडीशी जमीन व बलुत्याचे तुकडे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक त्यांनी मांडले, त्या वेळी ही पद्धत माणसाची महत्त्वाकांक्षा व स्वावलंबन मारून टाकते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा होण्यास मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

१९३६ च्या जातिनिर्मूलनविषयक भाषणात, जे लाहोरच्या परिषदेत होऊ शकले नाही व नंतर छापले गेले, त्यांनी हा विचार अधिक व्यापक केला. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. जो धंदा माणसाने निवडलेला नाही व ज्यास समाज हीन लेखतो, त्याविषयी तिटकारा उत्पन्न होऊन तो टाळण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. जेथे मन व बुद्धी कामात नाहीत तेथे कार्यक्षमता कोठून येणार, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ज्याला इतर जण आळस म्हणत होते, त्यास आंबेडकरांनी एका विशिष्ट व्यवस्थेचे अपेक्षित फळ ठरविले. 'वेठ वारणे' या जुन्या वाक्प्रचारात जे बीजरूपाने होते, त्याचेच हे शास्त्रशुद्ध विवेचन होय.

हा प्रश्न केवळ महाराष्ट्राचा नव्हता. फिलिपीन्सचे होसे रिझाल यांनी १८९० साली माद्रिदहून निघणाऱ्या एका नियतकालिकात फिलिपिनो लोकांच्या आळसावर लेखमाला लिहिली. आळस अस्तित्वात आहे हे त्यांनी मान्य केले. परंतु तो देशाच्या दुरवस्थेचे कारण नसून तिचा परिणाम आहे, असे त्यांनी स्पॅनिश पूर्वकाळातील भरभराटीचा व्यापार दाखवून सिद्ध करण्याचा यत्न केला. पुढे १९७७ साली सय्यद हुसेन अलातास यांनी मलाया, जावा व फिलिपीन्स यांच्या संदर्भात 'आळशी देशी माणूस' ही वसाहतवादाने रचलेली मिथ्यकथा असल्याचे साधार दाखविले. फुले यांचा ग्रंथ रिझाल यांच्या लेखमालेच्या सात वर्षे आधीचा आहे, याची नोंद येथे करणे योग्य ठरेल.

८

या विवेचनात एक मोठा वर्ग अद्याप आलेला नाही. पहाटे जात्यावर बसणाऱ्या स्त्रियांनी रचलेल्या ओव्या ग्रामीण महाराष्ट्रातून एक लाखाहून अधिक संख्येने संकलित झाल्या आहेत. दळण्याचे काम चालू असतानाच त्या गाइल्या गेल्या, म्हणजे त्या श्रमाच्याच पोटी जन्मल्या. तरीही घरकाम करणाऱ्या स्त्रीस 'आपण काय करता' असे विचारले असता 'काही करीत नाही, घरीच असते' हे उत्तर आजही सर्रास मिळते. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत, घरातील विनामोबदला कामात सहभागी स्त्रियांचा त्या कामी दिवसास सरासरी २९९ मिनिटे तर पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ जातो, असे आढळले. पाच तास राबून 'काही करीत नाही' म्हणणे, हा परक्याची मोजपट्टी स्वतःवर लावण्याचा सर्वांत टोकाचा प्रकार होय.

वरील साक्षींवरून तीन निष्कर्ष संभवतात. पहिला असा की, महाराष्ट्रात स्वतःस आळशी म्हणविण्याची परंपरा मुख्यतः सुशिक्षित, हातांनी श्रम न करणाऱ्या वर्गाची आहे. तिचा विस्तार करून ती सर्व समाजाची कबुली ठरविणे हे अनैतिहासिक आहे. दुसरा असा की, प्रत्यक्ष राबणाऱ्यांनी जेथे जेथे आपले म्हणणे नोंदविले, तेथे तेथे त्यांनी आळसाच्या चर्चेत न शिरता मजुरी, विश्रांती आणि काम यांची मागणी केली. १८८४ च्या अर्जात विश्रांतीची मागणी आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो स्त्रीपुरुष खडी फोडण्याच्या व बांध घालण्याच्या कामांवर स्वतः होऊन आले, आणि त्या अनुभवातून आलेल्या महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने काम मागण्याचा हक्कच मान्य केला. टेंपलच्या काळी जे काम संशयितांची परीक्षा म्हणून योजले जात होते, तेच शंभर वर्षांनी नागरिकाचा हक्क बनले. तिसरा निष्कर्ष असा की, आळस मुळीच नसतो असे नव्हे. रामदासांनी वर्णिलेला करंटा प्रत्येक काळी व प्रत्येक वर्गात आढळतो. परंतु व्यक्तीचा दोष समूहाच्या माथी मारला जातो, तेव्हा त्या आरोपाच्या आडून बहुधा कमी मजुरी, लांब दिवस किंवा बिनमोबदल्याचे काम यांचे समर्थन चाललेले असते. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने 'हे लोक आळशी होते' असा उल्लेख कागदात पाहताच प्रथम शोधावयाचे ते हे की, त्या लोकांकडून कोणते काम, किती तास आणि कोणत्या दराने अपेक्षिले जात होते. हा हिशेब मांडला गेला म्हणजे आळसाच्या बहुसंख्य नोंदींचे स्वरूप आपोआप उलगडेल.